चार्ल्स बॅबेज आणि अक्षरं मोजून लावलेले शब्दकोश

समजा, तुम्हाला पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द हवा आहे. त्याचं दुसरं अक्षर ‘एच’ आहे आणि शेवटचं ‘ई’. मधल्या आणि पहिल्या जागा रिकाम्या आहेत. आता घरातली डिक्शनरी घेऊन बसा आणि शोधून बघा. लगेच अडचण लक्षात येईल. डिक्शनरी पहिल्या अक्षरानुसार लावलेली असते आणि तुम्हाला नेमकं पहिलंच अक्षर माहीत नाही. म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं चाळणं आलं.

वर्डलसारखे खेळ खेळणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. शब्द शोधून देणाऱ्या वेबसाइट आणि ॲप्स भरपूर आहेत. तिथे रिकाम्या जागी ठिपके टाकले की फोन, व्हाइट, शेप, थ्री अशा शब्दांची यादी डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर येते.

पण संगणक नसताना हे काम कोणी कसं केलं असेल? गंमत म्हणजे हे काम कागदावर चिकाटीने करणाऱ्यांमध्ये एक नाव त्याच माणसाचं आहे, ज्याला आपण संगणकाचा जनक म्हणतो: चार्ल्स बॅबेज. त्यांच्या यंत्रांबद्दल शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतातच. त्यांच्या शब्दकोशांबद्दल मात्र फारसं कोणी सांगत नाही. आज तेच बघूया.

मार खाणारा मुलगा

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बेंजामिन बॅबेज बँकेच्या व्यवसायात होते. घरी पैशाची ददात नव्हती, मुलाची तब्येत मात्र नाजूक होती. शाळेत असताना चार्ल्सला एक नाद लागला. मोठी मुलं आपापसात सांकेतिक लिपीत चिठ्ठ्या लिहायची. त्यातले दोन-चार शब्द हाती लागले की हा मुलगा सगळी लिपी उलगडायचा. बक्षीस काय मिळायचं, तर चोप! ज्यांची गुपितं उघडी पडली त्यांनी मारल्याची आठवण बॅबेज यांनी म्हातारपणी आत्मचरित्रात लिहिली आहे. चूक मात्र कच्ची लिपी बनवणाऱ्यांचीच होती, असं त्यांचं तेव्हाही ठाम मत होतं.

१८१० मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. तिथलं गणित त्यांना जुनाट वाटलं. म्हणून १८१२ मध्ये जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आणि इतर मित्रांना घेऊन त्यांनी ॲनालिटिकल सोसायटी काढली. युरोपात रुळलेली नवी गणिती चिन्हं इंग्लंडमध्ये आणायची, हा तिचा हेतू. योग्य चिन्हं वापरली आणि नीट मांडणी केली की अवघड प्रश्न सोपा होतो, यावर त्यांचा विश्वास इथेच पक्का झाला. पुढे यंत्रांत आणि शब्दकोशांतही हाच विश्वास दिसतो.

१८१४ मध्ये त्यांचं जॉर्जियाना व्हिटमोर यांच्याशी लग्न झालं आणि १८१६ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

कोष्टकांचा काळ

त्या काळात गणित म्हणजे कोष्टकं. जहाज कुठे आहे हे काढायचं, ग्रहाची जागा ठरवायची किंवा मोठे गुणाकार करायचे, तर छापील कोष्टकाचं पुस्तक उघडायचं आणि तयार उत्तर घ्यायचं. आपल्याकडे कॅल्क्युलेटर घरोघरी येण्याआधी लॉगॅरिदमचं पुस्तक घेऊन परीक्षेला बसलेली पिढी आहे, तिला हे वेगळं सांगायला नको.

कोष्टकामागची कल्पना साधी आहे. एकदाच भरपूर मेहनत करा, उत्तरं नीट क्रमाने लावून ठेवा आणि नंतर हवं तेव्हा पटकन काढा. पण ती उत्तरं माणसं हाताने काढायची, दुसरी माणसं त्यांची नक्कल करायची आणि तिसरी खिळे जुळवून छापायची. प्रत्येक पायरीवर चुका शिरायच्या. १८२१ मध्ये हर्शेलबरोबर खगोलशास्त्राची कोष्टकं तपासताना बॅबेज या चुकांना इतके कंटाळले, की हे काम वाफेवर चालणाऱ्या यंत्राने का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला.

१८२२ मध्ये त्यांनी डिफरन्स इंजिनचं छोटं प्रारूप दाखवलं. १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली. जोसेफ क्लेमंट हे निष्णात कारागीर भाग बनवू लागले. यंत्राचं काम चालू असतानाच, १८२७ मध्ये, बॅबेज यांनी १ ते १,०८,००० या संख्यांच्या लॉगॅरिदमचं कोष्टक प्रसिद्ध केलं. त्यातल्या चुका शोधून काढण्यावर त्यांनी अतोनात मेहनत घेतली.

तेच १८२७ साल त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. वडील गेले, पत्नी जॉर्जियाना गेली, मुलंही दगावली. सावरण्यासाठी ते बराच काळ युरोपात फिरत राहिले. परत आल्यावर काम पुन्हा सुरू झालं. १८३२ मध्ये यंत्राचा एक लहान भाग जोडून तयार झाला आणि तो उत्तम चालायचा. पण १८३३ मध्ये क्लेमंट यांच्याशी पैशांवरून बिनसलं आणि काम थांबलं ते कायमचं. १८४२ मध्ये सरकारने अधिकृतपणे हात झटकले. तोवर सरकारचे १७,००० पौंडांहून जास्त खर्च झाले होते.

मधल्या काळात, १८३४ पासून, बॅबेज त्याहून मोठ्या यंत्राच्या मागे लागले होते. त्याचं नाव ॲनालिटिकल इंजिन. आकडे साठवायला ‘स्टोअर’, हिशेब करायला ‘मिल’ आणि सूचना द्यायला जॅकार्डच्या मागावर वापरतात तशी भोकं पाडलेली कार्डं. आजच्या संगणकाची मेमरी, प्रोसेसर आणि प्रोग्राम यांचाच हा आराखडा. हे यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही.

पितळेऐवजी कागद

एकीकडे यंत्र रखडलेलं असताना दुसरीकडे शाळेतला तो जुना नाद चालूच होता. गुप्त लिपी उलगडणारा माणूस म्हणून बॅबेज यांचं नाव झालं होतं. पहिले राजखगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड यांच्या चरित्रासाठी लघुलिपीतला जुना मजकूर वाचायचा होता, तेव्हा त्यांची मदत घेतली गेली. राजा पहिल्या चार्ल्सची पत्नी हेन्रिएटा मारिया हिच्या सांकेतिक मजकुराचं कोडंही त्यांनी सोडवलं.

आता विचार करा, गुप्त मजकूर उलगडताना नेमकं काय होतं. प्रत्येक अक्षराऐवजी दुसरं अक्षर लिहिलेलं आहे, पण दोन शब्दांमधली मोकळी जागा तशीच ठेवली आहे. म्हणजे शब्द किती अक्षरी आहे, हे लगेच कळतं. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सगळ्यात जास्त वेळा येतं, त्यामुळे एखाद-दुसऱ्या अक्षराचा अंदाज लागतो. मग समोर काय उरतं? सात अक्षरी शब्द, तिसरं अक्षर अमुक, सहावं तमुक, बाकी रिकामं. म्हणजे लेखाच्या सुरुवातीचाच प्रश्न.

नेहमीचा शब्दकोश इथे कामाचा नाही. म्हणून बॅबेज यांनी वेगळे शब्दकोश तयार करायला घेतले. आधी शब्दांची वाटणी अक्षरसंख्येनुसार: दोन अक्षरी वेगळे, तीन अक्षरी वेगळे, चार अक्षरी वेगळे, असं पुढे. मग प्रत्येक गटाची पुन्हा पुन्हा मांडणी. एकदा पहिल्या अक्षराच्या क्रमाने, एकदा दुसऱ्या अक्षराच्या क्रमाने, एकदा तिसऱ्या, असं शेवटपर्यंत.

यात खर्च किती, ते बघा. पाच अक्षरी शब्द पाच वेळा लिहायचा, आठ अक्षरी शब्द आठ वेळा. तोही टाक आणि शाईने. पण एकदा हे झालं की ‘दुसरं अक्षर एच’ असलेले सगळे पाच अक्षरी शब्द एका जागी सापडतात. त्यातून ‘शेवटचं अक्षर ई’ असलेले निवडायचे, एवढंच उरतं. हजारो शब्द चाळण्याऐवजी एक-दोन पानं.

ओळखीचं वाटतंय? डेटाबेसमध्ये आपण ज्याला ‘इंडेक्स’ म्हणतो तो हाच. टेबल मोठं असेल आणि इंडेक्स नसेल, तर संगणकालाही प्रत्येक ओळ वाचावी लागते. इंडेक्स असला की तो थेट योग्य जागी जातो. त्याची किंमतही तीच: जास्त जागा आणि आधी केलेली मेहनत. क्रमाने लावलेल्या १०,००० शब्दांत अर्ध्या-अर्ध्याने शोधत गेलं तर १४ पायऱ्यांत शब्द मिळतो. मात्र क्रम त्या प्रश्नासाठी लावलेला हवा. पहिल्या अक्षराचा क्रम तिसऱ्या अक्षराच्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही. म्हणूनच बॅबेज यांनी प्रत्येक जागेसाठी वेगळी मांडणी केली.

डीन सुटतो, बिशप अडतो

या शब्दकोशांचा एक उपयोग निव्वळ खेळाचा होता: शब्दांचा चौरस. चार अक्षरी शब्द चार ओळींत असे लिहायचे, की आडवं वाचा किंवा उभं, तेच शब्द यावेत. बॅबेज यांनी आत्मचरित्रात यावरही लिहिलं आहे आणि त्यांच्या उदाहरणांत चर्चमधले पदाधिकारी येतात.

‘डीन’ हा शब्द घ्या. पहिली ओळ डी-ई-ए-एन. उभा पहिला स्तंभही तोच, म्हणून दुसऱ्या ओळीचा शब्द ‘ई’ने सुरू व्हायला हवा. तिथे ‘ईझ’ बसतो: ई-ए-एस-ई. आता तिसऱ्या ओळीची सुरुवात ठरली: ए, मग एस. तिथे ए-एस-के-एस, म्हणजे ‘आस्क्स’. चौथ्या ओळीची पहिली तीन अक्षरं आता पक्की आहेत: एन, ई, एस. फक्त शेवटचं शोधायचं. टी लावला की ‘नेस्ट’ आणि चौरस पूर्ण.

प्रत्येक पायरीवर प्रश्न तोच असतो: चार अक्षरी शब्द, अमुक जागी अमुक अक्षर. एखाद्या पायरीला शब्द मिळालाच नाही, तर एक पाऊल मागे येऊन दुसरा शब्द घ्यायचा. प्रोग्रामर याला बॅकट्रॅकिंग म्हणतात आणि सुडोकू सोडवणारे प्रोग्राम बऱ्याचदा असेच चालतात. सहा अक्षरी ‘बिशप’ मात्र सहजासहजी चौरसात बसत नाही, अशी नोंद बॅबेज यांनी करून ठेवली आहे. अक्षरं वाढली की अटी वाढतात आणि त्या सगळ्या पाळणारे शब्द झपाट्याने कमी होतात.

दंतवैद्याचं आव्हान

१८५४ मध्ये ब्रिस्टलचे दंतवैद्य जॉन थ्वेट्स यांनी आपण नवी गुप्त लिपी शोधल्याचा दावा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या नियतकालिकात केला. बॅबेज यांनी दाखवून दिलं, की ही पद्धत नवी नाही. ती विजनेअर नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीचाच प्रकार होती.

विजनेअर पद्धतीत एक किल्ली-शब्द असतो. मजकुराचं पहिलं अक्षर किल्लीच्या पहिल्या अक्षराइतकं पुढे सरकवायचं, दुसरं दुसऱ्याइतकं आणि किल्ली संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ‘ई’ दर वेळी वेगळ्या वेषात येतो आणि अक्षरं मोजून अंदाज बांधता येत नाही. कित्येक पिढ्या ही पद्धत अभेद्य समजली जायची.

थ्वेट्स यांनी आव्हान दिलं. शेक्सपियरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातला उतारा आणि त्याचं सांकेतिक रूप पुढे ठेवलं आणि किल्ल्या शोधायला सांगितल्या. बॅबेज यांनी त्या शोधल्या: ‘टू’ आणि ‘कंबाइन्ड’. मग त्यांनी तोच उतारा स्वतःच्या किल्ल्यांनी बांधून थ्वेट्स यांच्याकडे परत पाठवला, की आता तुम्ही सोडवा.

यातलं गणित बघण्यासारखं आहे. इंग्रजीत पहिली किल्ली ३ अक्षरांची, दुसरी ८ अक्षरांची. दोन्ही एकामागून एक लावल्या तर परिणाम २४ अक्षरांनी पुन्हा येतो, कारण ३ आणि ८ यांचा लसावि २४. मूळ मजकूर हातात असेल तर वजाबाकी करून ती २४ अक्षरी निरर्थक साखळी मिळते. ती फोडून एक ३ अक्षरी आणि एक ८ अक्षरी किल्ली काढायची, तर २६ जोड्या शक्य असतात. पण बहुतेक जोड्या म्हणजे नुसता अक्षरांचा कचरा. अर्थ असलेले शब्द ज्या जोडीत सापडतील ते उत्तर. गणिताने ढीग लहान केला, तरी शेवटचा निवाडा ठरावीक लांबीचे शब्द ओळखूनच होतो.

मूळ मजकूर माहीत नसेल तेव्हाचा उपायही बॅबेज यांच्या टिपणांत आहे आणि तो ते १८४६ च्या सुमारासच वापरत असावेत, असं अभ्यासकांना दिसलं आहे. सांकेतिक मजकुरात एखादा अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतोय का, ते बघायचं. दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायचं. समजा अंतरं २० आणि ३५ निघाली, तर दोघांना भाग जाणारा ५ हा किल्लीच्या लांबीचा चांगला अंदाज. लांबी कळली की मजकूर पाच सोप्या भागांत फुटतो.

न छापलेलं पुस्तक

एवढी मोठी गोष्ट बॅबेज यांनी छापली नाही. १८६३ मध्ये प्रशियाचे निवृत्त लष्करी अधिकारी फ्रीडरिश कासिस्की यांनी हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधून पुस्तकात दिली आणि आजही ती ‘कासिस्की चाचणी’ म्हणूनच शिकवली जाते. १८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध चालू होतं, त्यामुळे सरकारनेच गुप्तता पाळायला सांगितली असेल, असा तर्क काही जण करतात. दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे: बॅबेज यांना सुरू केलेलं काम अर्ध्यावर ठेवायची सवय होती. गुप्त लिपी उलगडण्याच्या शास्त्रावर त्यांना अख्खं पुस्तक लिहायचं होतं. ते कधी पूर्ण झालं नाही. टिपणांचे कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आत्मचरित्रात तर त्यांनी या नादात आपण नको तितका वेळ घालवल्याची कबुलीच दिली आहे.

हे आत्मचरित्र १८६४ मध्ये आलं. तोवर म्हातारे बॅबेज लंडनमध्ये रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी भांडणारे म्हणूनच जास्त प्रसिद्ध झाले होते. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडनमधल्या डॉर्सेट स्ट्रीटवरच्या घरी ते वारले. त्यांचे चिरंजीव हेन्री भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात अधिकारी होते. त्यांनी पुढे वडिलांच्या यंत्रांबद्दलचं साहित्य १८८९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि यंत्राचे काही भाग प्रत्यक्ष जोडून दाखवले. १९९१ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेज यांच्याच आराखड्यावरून डिफरन्स इंजिन क्रमांक २ चा गणना करणारा भाग बांधला. तो चालला आणि त्याने बरोबर उत्तरं दिली.

आपल्यासाठी यातून काय?

बॅबेज यांची यंत्रं आणि शब्दकोश वेगळे वाटतात, पण दोन्हींत एकच शहाणपण आहे. प्रश्न येण्याआधी मांडणी करून ठेवा. आज कोणी मराठीसाठी शब्द शोधणारा प्रोग्राम लिहायला बसलं, तर त्यालाही आधी मांडणीच करावी लागेल आणि पहिल्याच पायरीवर अडखळायला होईल. ती पायरी म्हणजे अक्षरं मोजणं.

इंग्रजीत सी-ए-टी म्हणजे तीन अक्षरं, वाद नाही. पण ‘मुंबई’? शब्दकोड्यात आपण तीन चौकोन भरतो. संगणक युनिकोडमध्ये पाच चिन्हं मोजतो: म, उकार, अनुस्वार, ब, ई. ‘क्षत्रिय’ आपल्यासाठी तीन अक्षरी, संगणकासाठी आठ चिन्हांचा. साध्या प्रोग्रामला ‘तीन अक्षरी शब्द दे’ म्हटलं तर हे दोन्ही शब्द तो गाळून टाकेल. म्हणून चिन्हं मोजू नका, अक्षरांचे गट मोजा. जोडाक्षर एकाच गटात धरण्याचा नियम युनिकोडच्या प्रमाणित नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे तुमची लायब्ररी जुनी असेल तर आधी ते तपासा.

दुसरी गोष्ट ‘शब्दात र आहे का’ या प्रश्नाची. ‘कर्म’ मधला रफार आणि ‘त्रि’ मधली तिरकी रेघ, दोन्ही युनिकोडमध्ये ‘र’च आहेत. संगणकाला ते लगेच सापडतात. पण शब्दकोडं सोडवणाऱ्याला सुटा ‘र’ हवा असेल, तर हे दोन्ही शब्द त्याच्या कामाचे नाहीत. कोणता अर्थ धरायचा, हे शब्दांच्या याद्या लावण्याआधी ठरवावं लागतं, कारण नंतर ठरवलं तर सगळ्या याद्या पुन्हा लावाव्या लागतील. बॅबेज यांच्या वेळी असं झालं असतं तर शाईने लिहिलेली सगळी पानं फेकावी लागली असती. आपल्याला निदान प्रोग्राम पुन्हा चालवता येतो.